मिसेस सोर्लींची काडतुसं

आमच्या कोल्डफोर्डमध्ये पंचविशी ते पंचावन्नच्या मधलं जे कुणी माणूस आहे, ते कधी ना कधी मिसेस सोर्लींच्या पिवळ्या बसमधून शाळेत गेलेलं आहे. एकतीस वर्षं त्यांनी ती बस चालवली. फाटकापाशी पोर दिसलं नाही तर भोंगा वाजवायच्या, दुसऱ्या भोंग्यालाही आलं नाही तर बर्फात उतरून स्वतः दार ठोठवायच्या. मी आता सेहेचाळीस वर्षांचा आहे, वडिलांच्या मागे हार्डवेअरचं दुकान चालवतो, मागच्या भिंतीला बंदुका आणि शिकारीचं सामान ठेवतो. तरी मिसेस सोर्ली दुकानात शिरल्या की तोंडातलं च्युइंग गम गिळून टाकावंसं वाटतं.

त्या मंगळवारी, जून महिन्यात, मी नुकतंच दार उघडून दिवे लावत होतो, तेवढ्यात त्या आल्या. हातात एक पाकीट.

"कर्टी, हे वाच. मोठ्यानं वाच."

मी वाचलं. नदीकाठच्या घळींमध्ये एक डोंगरी मेंढा मारण्याचा परवाना मर्ना सोर्ली यांच्या नावे निघाला होता. मी पुन्हा वाचलं. या परवान्याची सोडत निघते आणि अर्ज हजारोंनी येतात. आमच्या गावात लोक जन्मभर अर्ज करतात आणि मरतात. माझे वडील तसेच गेले. मिसेस सोर्लींचे यजमान हॉलिस, तेही तसेच गेले.

"तुम्ही अर्ज करत होतात?" मी विचारलं.

"हॉलिस गेल्यावर केला. दरवर्षी वसंतात तो अर्ज भरायला बसायचा, जेवणाच्या टेबलावर, चष्मा लावून. त्या वर्षी वसंत आला आणि टेबल रिकामं. मला बघवेना. त्याचं नाव घालता येत नाही म्हणाले, म्हणून माझं घातलं. पाच वर्षं घालतेय." त्यांनी पाकीट माझ्या हातातून परत घेतलं. "तेहेतीस वर्षं त्यानं अर्ज केला रे. तेहेतीस. आणि मला पाचात लागला. काय म्हणावं याला?"

मी दिव्यांचं राहिलेलं बटण दाबलं.

"बरं, आता त्याच्या रायफलीची काडतुसं दे."

तिथेच अडलं. हॉलिसची रायफल त्यांच्या वडिलांची. तिच्या मापाची काडतुसं कारखान्यांतून यायची केव्हाच बंद झाली होती. शेवटची पेटी मीच हॉलिसना विकली होती, दुकान नवीन हातात आलं तेव्हा. त्यानंतर ते आपली काडतुसं घरीच भरायचे, तळघरात. मी म्हटलं, "रायफल दुसरी घ्या. माझी देतो, लागेल तर."

"तुझी कशाला? मी मेंढा मारायला जाणार ती त्याच्या रायफलीनं. नाहीतर जाणारच नाही." त्यांनी पर्स काउंटरवर ठेवली. "तो भरायचा, तर मीही भरेन. दरवर्षी रानातल्या चोकचेरींच्या जेलीच्या साठ बरण्या भरते मी. काडतूस भरायला काय लागतं?"

"हॉलिसचं सगळं सामान होतं ना? तेच वापरा की."

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "दिलं," म्हणाल्या. "सगळं दिलं. ट्रेंटला."

ट्रेंट म्हणजे हॉलिसचा पुतण्या, बिलिंग्ज शहरात असतो. हॉलिसना माती दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी तो ट्रक घेऊन आला होता हे मला आठवत होतं. गावात तेव्हा सगळे म्हणाले, बिचारी, दुःखात आहे, तिला ते सामान डोळ्यांसमोर नको. मीही तेच म्हणालो होतो.

एव्हाना बडी मॅक्की येऊन कॉफीच्या किटलीजवळ बसला होता. बडी आणि हॉलिस दोघंही रेल्वेत गँगमन, वीस वर्षं एका टोळीत. निवृत्त झाल्यापासून बडी रोज सकाळी माझ्या दुकानातली फुकटची कॉफी पितो आणि त्या बदल्यात माझ्या गिऱ्हाइकांना सल्ले देतो. तो उठून आलाच.

"मर्ना, खरंच लागला?"

"खरंच लागला."

बडीनं टोपी काढली, पुन्हा घातली. "हरामखोर हॉलिस," तो म्हणाला आणि नाक शिंकरलं. मग लगेच कामाला लागला. "कर्ट, ते वरच्या फळीवरचं काढ. मोठं."

मी काडतुसं भरायची तीन यंत्रं काउंटरवर मांडली. मिसेस सोर्लींना समजावून सांगितलं, की उडालेल्या काडतुसाची पितळी पुंगळी फुगलेली असते. ती साच्यात दाबून मापात आणायची, बुडाची जळकी टिकली काढून नवी बसवायची, दारू तोलून घालायची आणि तोंडाशी गोळी बसवायची. सगळा जोर या दांड्यातून येतो. दांडा खाली ओढला की पुंगळी वर साच्यात जाते.

"हे घे," बडी म्हणाला, मोठ्या यंत्रावर थाप मारून. "याची थाळी फिरते. पाच कामं एका दमात. तासाला चारशे काडतुसं पडतात."

"बडी, मला एक मेंढा मारायचाय. कळप नाही."

"सरावाला लागतील की."

"आणि पाचांतलं एक काम चुकलं तर कळणार कसं?"

बडीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बरोबर विचारताय. नवीन माणसाला हे नकोच. एका वेळी एकच काम करणारं घ्या. हळू होतं, पण प्रत्येक पुंगळी हातात येते, डोळ्यांखालून जाते."

मग राहिली दोन. एक हलकं, ॲल्युमिनियमचं. एक जुन्या घडणीचं ओतीव लोखंडाचं, दोन हातांनी उचलावं लागतं असं. मी दोन्ही लाकडी ठोकळ्यावर आवळून दिली. त्यांनी हलक्याचा दांडा ओढला, डोळे मिटून.

"हे चिवचिवतं," म्हणाल्या.

मग लोखंडी ओढलं. एकदा, दोनदा. कपाळाला आठी पडली. "याचा आवाज जवळपास तसा आहे. पण तसा नाही. त्याचा मऊ होता. आधी करकर आणि मग खाली कुठेतरी ठप्प."

"मिसेस सोर्ली, तुम्ही ते यंत्र कधी समोर उभं राहून चालताना पाहिलंत?"

त्यांनी दांडा सोडला. "नाही," म्हणाल्या. "मी वर स्वयंपाकघरात असायचे. फळ्यांखालून ऐकू यायचं."

बडी काहीतरी बोलणार होता, मी त्याला हातानं थांबवलं. ते लोखंडी यंत्र उचलून मी मागच्या गोदामात नेलं, तिथल्या टेबलाला आवळलं आणि दार ओढून घेतलं. रंगाच्या डब्यांमध्ये उभा राहून दांडा ओढला.

दाराबाहेरून आवाज आला, "पुन्हा."

मी पुन्हा ओढला.

"सावकाश. तो सावकाश ओढायचा."

मी सावकाश ओढला. "पुन्हा," त्या म्हणाल्या. मग "पुन्हा" म्हणणंही बंद झालं, पण मी थांबलो नाही. वीसेक वेळा तरी ओढला असेल. बाहेर आलो तेव्हा त्यांनी चष्मा काढून हातात धरला होता आणि बडी खिळ्यांच्या खणांकडे तोंड करून उभा होता.

"हेच दे," त्या म्हणाल्या.

पण दांडा त्यांच्या हाताला आखूड होता. एकतीस वर्षं बसचं चाक फिरवून उजवा खांदा गेलेला, जोर लावला की कळ यायची. मी लांब दांडा मागवून देतो म्हटलं. लांब दांड्याला जोर कमी लागतो. त्या रायफलीचे साचेही मागवावे लागणार होते. मग निघाला काट्याचा विषय. दारू तोलायचा काटा दोन तऱ्हेचा येतो. एक जुना, दांडीचा, वजनं सरकवायचा. एक बॅटरीवरचा, आकडे दाखवणारा.

"हॉलिसचा दांडीचा," बडी म्हणाला. "श्वास रोखून बघायचा त्याच्याकडे. मी एकदा शेजारी शिंकलो तर घराबाहेर काढलं त्यानं मला."

मला वाटलं, त्या दांडीचाच मागणार. त्यांनी तो हातात घेतला, बारीक रेघांवरून बोट फिरवलं, उजेडाकडे धरला. मग खाली ठेवला.

"मला या रेघा दिसत नाहीत. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. मोठ्या आकड्यांचा दे."

बडी म्हणाला, "पण हॉलिस म्हणायचा, बॅटरीवर माणसानं भरवसा—"

"हॉलिसचे डोळे हॉलिसपाशी होते, बडी. मला माझ्यांनी बघायचंय."

मी आकड्यांचाच काटा दिला आणि बरोबर त्याची तपासणी करायचं ठरीव वजन दिलं, रोज आधी हे ठेवून बघा म्हणून सांगितलं. पुंगळ्यांना लावायचं तेल, लांबी मोजायचं कॅलिपर, डोळे जपायचा चष्मा, दारूच्या मापांचं छापील पुस्तकही दिलं. पुंगळ्या मात्र त्यांच्याकडेच निघाल्या. हॉलिस उडालेल्या पुंगळ्या खिशात टाकायचे, त्या धुण्यात खडखडायच्या, आणि मिसेस सोर्ली वैतागून त्यांना एका डब्यात फेकायच्या. तो डबा कपडे धुण्याच्या यंत्रामागे तसाच राहिला होता. त्यात चौऱ्याऐंशी पुंगळ्या होत्या.

साचे यायला तीन आठवडे लागले. तेवढ्या वेळात बडीनं आणि मी टेबल केलं. गावातला बोलिंग खेळायचा हॉल बंद पडला तेव्हा त्याच्या जमिनीच्या मेपलच्या फळ्या बडीनं आपल्या कोठारात रचून ठेवल्या होत्या, कशाला ते त्यालाही ठाऊक नव्हतं. तीन इंच जाड, दगडासारख्या. मी म्हटलं, तळघरातच बसवू, तिथे हॉलिसच्या टेबलाची जागा आहे, भिंतीत बोल्टही आहेत.

"खाली नाही," मिसेस सोर्ली म्हणाल्या. "मागच्या व्हरांड्यात. खिडकीपाशी."

"तिथे तुमचं शिलाईचं मशीन आहे."

"ते जाऊ दे खाली."

फळी आवळताना बडी बाहेर स्क्रू आणायला गेला. त्या दाराला टेकून उभ्या होत्या. एकदम म्हणाल्या, "कर्टी, तुला वाटतं मी ते सामान दुःखानं दिलं?"

मी मान वर केली.

"रागानं दिलं. दिवसभर माझ्या बसमध्ये चाळीस पोरांचा कलकलाट. घरी आले की मला एका मोठ्या माणसाशी बोलायचं असायचं. आणि हा जेवला की खाली. रविवारी तर दुपारभर खाली. मी वर बटाटे सोलत ते करकर-ठप्प ऐकत बसायचे. मला वाटायचं, त्या यंत्राशी याला काय बोलायचं असतं, जे माझ्याशी नसतं? त्याला माती दिली आणि घरी येऊन पहिला विचार आला तो त्या तळघराचा. ट्रेंटला म्हटलं, ने. सगळं ने. एक खिळा ठेवू नकोस." त्यांनी ओठ मिटले. मग म्हणाल्या, "आणि तेव्हापासून घरात ते करकर-ठप्प नाही."

बडी परत आला, तशा त्या कॉफी टाकायला आत गेल्या.

यंत्र बसल्यावर त्यांनी माझ्यासमोरच ट्रेंटला फोन लावला. जुनं यंत्र त्यानं पहिल्याच वर्षी कुणाला तरी विकलं होतं. पलीकडून तो बराच वेळ माफी मागत होता, या नुसत्या "बरं, बरं" म्हणत होत्या. मग तो म्हणाला, काकांची एक वही आहे, ती मी ठेवली, ती विकवली नाही. चार दिवसांनी वही टपालानं आली. ती घेऊन त्या दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "यातलं मला काही कळत नाही, तू सांग."

वहीत बहुतेक काडतुसांचीच टिपणं होती. कोणती दारू, किती, कोणती गोळी, शंभर पावलांवर किती जवळजवळ बसल्या. हॉलिसचं अक्षर रुळांसारखं सरळ. पण दर जूनमध्ये एक वेगळी ओळ असायची. "पत्र आलं. नाही." पुढच्या जूनला पुन्हा. "पत्र आलं. नाही." शेवटच्या काही वर्षांत तर नुसतं "नाही." आणि नोव्हेंबरात कधी कधी: "जळक्या पाइनपाशी गेलो. सात दिसले. मर्ना गाडीत."

एका पानावर रेघ मारून वर लिहिलं होतं, "मेंढ्यासाठी." खाली एक माप, दोन वर्षं सुधारत सुधारत ठरवलेलं. शेवटी शेरा: "हेच. वीस भरून ठेवली." ती वीस काडतुसंही ट्रेंटच्या ट्रकमधून गेली असणार.

मिसेस सोर्लींनी त्या पानावर बोट ठेवलं. "हे भरायचं," म्हणाल्या.

"भरू. पण आधी छापील पुस्तकाशी ताडून. आणि एकदम त्या मापावर जायचं नाही. खालून सुरुवात करायची आणि थोडं थोडं चढायचं. हॉलिसची दारू वेगळ्या डब्यातली, तुमची वेगळी."

"हो रे मास्तर."

पुढचे दोन महिने मी आठवड्यातून दोनदा त्यांच्या व्हरांड्यात जात होतो. पहिल्याच दिवशी तेल लावायला विसरल्या आणि पुंगळी साच्यात अशी घट्ट अडकली की दांड्याला लटकल्या तरी हलेना. हॉलिसच्या नावानं त्यांनी जे शब्द काढले, ते बसमध्ये आम्ही काढले असते तर उतरवून दिलं असतं. दुसऱ्या खेपेला दोन टिकल्या उलट्या बसवल्या. पण तिसऱ्या आठवड्यापासून हात बसला. दारू घातलेल्या पुंगळ्या फळीवर ओळीनं उभ्या करायच्या आणि गोळी बसवण्याआधी विजेरी घेऊन प्रत्येकीत डोकावायच्या, एकही सुटू न देता. बसमधली पोरं मोजायच्या तशाच.

व्हरांड्यात मी गप्पा मारायला लागलो की त्या हात वर करायच्या. "बोलू नकोस. चुकेन." मग मीही गप्प. खिडकीबाहेर गव्हाचं शेत, आत फक्त दांड्याचा आवाज. एकदा असंच अर्धा तास कुणी काही बोललं नाही. भरलेलं काडतूस पेटीत ठेवताना त्या माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "असं बसता आलं असतं रे. तो एका स्टुलावर, मी दुसऱ्या. बोलायचं कशाला होतं? पण मला ते ठाऊकच नव्हतं. मला वाटायचं, दार बंद आहे. ते नुसतं लोटलेलं असायचं."

ऑगस्टमध्ये गावाबाहेरच्या खाणीत सराव सुरू झाला. पहिल्या दिवशी खांदा काळानिळा. बडीनं त्यांना जुन्या उशीचा तुकडा शिवून दिला, टाके इतके वाकडे की त्या हसून म्हणाल्या, "रूळही असेच टाकायचास का?" सप्टेंबर संपेपर्यंत शंभर पावलांवर त्यांच्या तीन गोळ्या एका कॉफीच्या बशीत बसू लागल्या. हॉलिसच्या मापापर्यंत आम्ही पोहोचलो, आणि खरंच, तिथेच त्या सगळ्यांत जवळ बसल्या. म्हाताऱ्यानं नेमकं शोधलं होतं.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिघं निघालो. नदीकाठच्या त्या घळी पाऊस पडला की चिकणमातीच्या होतात, बूट दहा पावलांत दुप्पट जड. पहिले दोन दिवस ट्रकच रुतून बसला. बडी तंबूत राहायचा, बीन्स शिजवायचा आणि आम्ही रिकाम्या हातानं परतलो की म्हणायचा, "आज मेंढ्यानं माझ्याबरोबर पत्ते खेळले." तिसऱ्या दिवशी माद्या आणि पिल्लं दिसली, नर नाही. मिसेस सोर्लींचे गुडघे सुजले होते. मी म्हटलं, उद्या विश्रांती घेऊ. त्या म्हणाल्या, "जळका पाइन कुठे आहे, ते तुला माहीत आहे का?"

मला माहीत होतं. वीज पडून काळं झालेलं ते झाड गावातला प्रत्येक शिकारी ओळखतो. चौथ्या दिवशी सकाळी ट्रक जिथवर जातो तिथवर नेला. तिथून वर कड्यापर्यंत पाऊण तासाचा चढ. आम्हाला दोन तास लागले. त्या वीस पावलं चालायच्या, उभ्या राहायच्या, पुन्हा वीस. एकदाही मागे वळून ट्रककडे पाहिलं नाही.

कड्यावर पोहोचलो आणि वाकून पाहिलं. खाली दूर नदी, मधल्या घळीपलीकडच्या उतारावर ज्युनिपरची झुडपं, आणि त्यांच्या खालच्या कडेला तीन नर ऊन खात बसलेले. मधल्याची शिंगं कानामागून वळून हनुवटीच्याही पुढे आलेली. मी कोट गुंडाळून दगडावर ठेवला, त्यावर त्यांनी रायफल टेकली. पावणेदोनशे पावलं. त्या खूप वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, आता म्हणतील नाही मारवत. तसं म्हटल्या असत्या तरी मला चाललं असतं.

"उभा राहू दे," त्या कुजबुजल्या. "बसलेल्याला मारायचं नाही, असं तो म्हणायचा."

दहा मिनिटांनी मधला उठला, आळस दिल्यासारखी पाठ ताणली आणि आडवा उभा राहिला. मिसेस सोर्लींनी श्वास सोडला, अर्ध्यावर रोखला. एकच बार झाला. मेंढा दोन पावलं पुढे गेला आणि गुडघ्यांवर बसला. मग लवंडला.

मी आनंदानं ओरडलोच. रायफल खाली ठेवून त्या तिथेच जमिनीवर बसल्या, पाय पुढे पसरून, लहान मुलीसारख्या.

"इथून बघायचा होय तो," म्हणाल्या.

खाली नदीला नुकतं ऊन लागलं होतं.

"मी खाली गाडीत बसायचे. विणकाम घेऊन. तो म्हणायचा, मर्ना, वर ये, दिसतात. मी म्हणायचे, पाय दुखतात. तेव्हा माझे पाय काही दुखत नव्हते, कर्टी. मला रुसायचं असायचं. पहिली दहा-बारा वर्षं म्हणायचा, वर ये. मग म्हणेनासा झाला." त्यांनी बाहीनं डोळे पुसले, पण ते पुन्हा भरले. "आज आले बघ. आज कुणी बोलावलं नाही आणि आले."

मी बाजूला जाऊन बसलो. तास तरी गेला असेल. मग त्याच उठल्या, बाह्या वर केल्या आणि म्हणाल्या, "चल, मांस खराब होईल. सुरी दे." घळ ओलांडून समोरच्या उतारावर जाऊन त्यांनी तो मेंढा स्वतः फाडला. हॉलिसच्या प्रत्येक हरणाचं हे काम चाळीस वर्षं त्याच करत आल्या होत्या. मला फक्त पाय धरायला लावले. मग मी बडीला बोलावून आणलं, आणि ओझं तंबूपर्यंत न्यायला त्याला आणि मला संध्याकाळ झाली.

नोव्हेंबरात लुथेरन चर्चच्या जेवणाला त्याचं मटण होतं. बडीनं भर पंगतीत उभं राहून सांगितलं, "चार दिवस आणि एक गोळी! माझं ऐकून ते पाच कामांचं यंत्र घेतलं असतं तर जिल्ह्यात मेंढा उरला नसता." सगळे हसले. मिसेस सोर्लीही हसल्या. पण जेवण वाढताना मी पाहिलं, कुणीही "कसा मारलात?" विचारलं की त्या थोडक्यात सांगायच्या आणि मग दाराकडे बघायच्या. ज्याला सगळं सविस्तर सांगायचं होतं, तो यायचा होता जणू.

मला वाटलं होतं, आता ते यंत्र धूळ खात पडेल. परवाना एकदा लागला की पुढची सात वर्षं अर्जही करता येत नाही. पण डिसेंबरात त्या टिकल्यांचा आणखी एक डबा घेऊन गेल्या. "हरणांसाठी," म्हणाल्या. हरणांचा हंगाम संपून दोन आठवडे झाले होते. मी पावती फाडून दिली.

जानेवारीत एका रविवारी दुपारी, त्यांच्या छपरावरचा बर्फ ओढून काढायला म्हणून मी गेलो. काम झाल्यावर हात शेकायला आत शिरलो. स्वयंपाकघर रिकामं. व्हरांड्यातून दांड्याचा आवाज येत होता, सावकाश, एका लयीत. मी हाक मारली, "मिसेस सोर्ली, कॉफी ठेवू का?" उत्तर नाही. पुन्हा हाक मारली. आवाज तसाच चालू.

मी दारापर्यंत गेलो. त्या पाठमोऱ्या बसल्या होत्या, खिडकीतला बर्फाचा पांढरा उजेड हातांवर पडलेला. शेजारी एक दुसरं स्टूल होतं. त्यावर काही ठेवलेलं नव्हतं.

"ऐकू आलं रे," त्या न वळता म्हणाल्या. "हातातलं एवढं संपू दे. आलेच."

मी कॉफी केली, दोन कप भरले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी वाट बघत बसलो. बराच वेळ लागला. कॉफी निवली, तरी मी पुन्हा हाक मारली नाही.